साळवे सरांची स्कीम

साळवे सरांना वेळ विचारली की ते मनगटाकडे बघून सांगत, "यात दहा वाजून सतरा मिनिटं झालीत. हे चार मिनिटं मागं आहे." बेरीज विचारणाऱ्यानं करायची. घड्याळ पुढं का करून घेत नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "केलं की किती मागं पडतंय ते कळायचं बंद होईल."

भोरच्या एका हायस्कुलात मी लेखनिक होतो आणि सर तिथं गणित शिकवत. शाळेच्या लेखनिकाला सगळे भाऊसाहेब म्हणतात, तसं मलाही म्हणत. सर मूळचे वरवे बुद्रुकचे. आठवडाभर भोरात एका खोलीत राहायचे, शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारच्या एसटीनं गावाकडं जायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत. उंच, सडपातळ माणूस. कॉलर झिजली की ती उलटून शिवलेला पांढरा सदरा. बोलणं पुस्तकी नव्हतं, पण तोलून असायचं. हजेरीपत्रकात बाकीचे शिक्षक दोन अक्षरांची सही ठोकून तासाला पळत. सर रोज पूर्ण नाव लिहीत. मुलांच्या वह्यांत 'वगैरे' दिसलं की त्याखाली रेघ मारून "म्हणजे काय काय?" असं विचारत.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गात शिरता शिरता विचारलं, "किती मुलं?"

सर म्हणाले, "पटावर चव्वेचाळीस. समोर एक्केचाळीस. दोघं आजारी असल्याचं सांगतात. एक कुठं आहे ते माहीत नाही."

साहेबांनी शेऱ्यात 'शिक्षक स्पष्टवक्ते आहेत' असं लिहिलं. ते कौतुक होतं की तक्रार, हे हेडमास्तरांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती एका नोंदीवरून. मी नवा होतो. जूनमध्ये प्रवेश चालू होते. नसरापूरकडची एक बाई मुलाला घेऊन आली. मी नाव, जन्मतारीख, गाव विचारत गेलो आणि धर्म-जातीच्या रकान्याशी आलो. बाई म्हणाली, "बौद्ध लिवा." मी लिहिलं, पण तिनं सांगितलं ते नाही. माझ्या आधीच्या हेडक्लार्कनं मला शिकवून ठेवलं होतं की त्या वस्तीवरचं कुणी आलं की ते काहीही सांगोत, रकान्यात जुनंच लिहायचं. माझा हात तसा चालला. मनात काही वाईट होतं असं नाही. मनात काहीच नव्हतं.

सर रजेचा अर्ज द्यायला आले होते. त्यांनी रजिस्टर उलटं उभ्यानंच वाचलं.

"भाऊसाहेब, बाई काय म्हणाल्या?"

"बौद्ध म्हणाल्या."

"मग हे कोण म्हणालं?"

मी म्हणालो, "हे असंच लिहितात."

"लिहीत असतील. पण त्या काय म्हणाल्या ते आधी लिहा. त्यांना काय म्हणायचं असेल, ते ठरवायला पुढं पुष्कळ लोक बसलेत."

आवाज चढला नव्हता. बाई आमच्या दोघांकडं बघत होती. मी खाडाखोड केली, शेजारी सही केली आणि तिनं सांगितलेला शब्द लिहिला. सर स्वतः बौद्ध होते हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. समजल्यावर मला अधिकच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी मात्र तो विषय पुन्हा कधी काढला नाही. उलट त्यानंतर ते मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन भाकरी खायला लागले.

शब्द आणि वस्तू यांतला फरक शिकवायची त्यांची एक पद्धत होती. आमचे शिपाई बाबूराव अंगानं बुटके. सर वर्गात विचारत, "बाबूराव केवढे?" मुलं म्हणत, "पाच फूट." मग सर फळ्यावर अवतरणचिन्हं काढून त्यांच्या आत नाव लिहीत आणि विचारत, "आता हे केवढं?" मुलं अक्षरं मोजून सांगत, "चार अक्षरी." सर म्हणत, "पहिल्यांदा माणूस विचारला, दुसऱ्यांदा त्याचं नाव विचारलं. अवतरणात घातलेल्याला हात लावायचा नाही. ते जसंच्या तसं." बाबूरावांना हे दरवर्षी ऐकू जायचं. ते म्हणत, "सर, एकदा माझी अक्षरं तरी वाडवा."

हे सगळं सांगितलं, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही.

सरांचा विजय शिळीमकर नावाचा एक विद्यार्थी होता, वेल्ह्याच्या पुढच्या एका वाडीतला. भोरात वसतिगृहात राहून शिकला, पुढं इंजिनिअर झाला आणि अमेरिकेत गेला. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास त्याच्याकडून शाळेच्या पत्त्यावर एक जाड पाकीट आलं. आत टाइप केलेल्या पानांच्या छायाप्रती होत्या आणि एक पत्र. संगणकाला सूचना द्यायची एक नवी भाषा तिथं काही जणांनी तयार केली होती, ती फार लहान आणि नेटकी होती, आणि ती बघून विजयला सरांची आठवण झाली होती. भाषेचं नाव होतं स्कीम.

शाळेत बातमी पसरली की साळवे सरांना स्कीम मिळाली. आमच्याकडं स्कीम म्हणजे विहिरीची, बियाण्याची नाहीतर कोंबड्यांची. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, "शाळेच्या नावावर आहे की वैयक्तिक?" बाबूराव दोन दिवस घुटमळले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सर, ती स्कीम आमाला बी लागू हाय का?"

सर म्हणाले, "सगळ्यांना लागू आहे. फक्त त्यात मिळत काही नाही."

"मंग सरकारीच हाय," बाबूराव म्हणाले आणि घंटा द्यायला गेले.

भोरात संगणक असण्याचा प्रश्नच नव्हता. सरांनी तो आयुष्यात पाहिलेला नव्हता. पण पानं वाचून त्यांचं म्हणणं पडलं की यंत्रानं करायचं ते माणसानं सावकाश केलं तरी उत्तर तेच यायला हवं. म्हणून ते स्वतःच यंत्र झाले. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंच्या चिठ्ठ्या कापायच्या, एकेका चिठ्ठीवर एकेक कंस लिहायचा आणि पायरीपायरीनं सोडवत जायचं. शनिवारी दुपारची गाडी सोडून ते संध्याकाळची धरू लागले. मधला वेळ माझ्या खोलीत. मला इंग्रजी कामापुरतं येत होतं, म्हणून त्यांनी माझ्यासाठी सगळे शब्द मराठीत घेतले. मी चिठ्ठ्या सांभाळायचो, निकाल उतरवून घ्यायचो आणि विचारलं तर उत्तर द्यायचो.

त्या भाषेतही अवतरणचिन्ह होतं. शब्दाआधी ती खूण असली की शब्द जसाच्या तसा घ्यायचा. नसली की त्या शब्दामागची वस्तू घ्यायची. सरांना हे वाचून काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. ते एवढंच म्हणाले, "बाबूराव अमेरिकेत पोचले."

दुसरी एक सोय होती, संक्षेपाची. लांबलचक सूचना पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून तिला एक आखूड नाव द्यायचं आणि ते नाव कसं उलगडायचं याचा नियम एकदाच लिहून ठेवायचा. यंत्र काम सुरू करण्याआधी असे सगळे संक्षेप उलगडून घेतं.

विजयनं नमुन्यादाखल दोन संक्षेप पाठवले होते. एक 'दाखव'. "दाखव पाणी" असं लिहिलं की ते उलगडून दोन सूचना व्हायच्या: आधी अवतरणातला "पाणी" हा शब्द लिही, मग पाणी किती आहे तो आकडा लिही. म्हणजे आपण पाणी एकदाच म्हणायचं, पण ते एका जागी नुसता शब्द व्हायचं आणि दुसऱ्या जागी खरं पाणी. दुसरा संक्षेप 'बदल'. त्याच्या कंसात जे असेल त्यात एका शब्दाच्या जागी दुसरा घालायचा. विजयच्या कार्यक्रमात, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनांत, 'बदल' बाहेर होता आणि 'दाखव' आत: पाणीच्या जागी उंची घाल, कशात, तर "दाखव पाणी" यात. उंची होती चाळीस.

सरांनी सोडवलं. आतला कंस उघडला: अवतरणात "पाणी" लिही, मग पाणी किती ते लिही. मग बाहेरचा कंस: पाणीच्या जागी उंची. अवतरणातल्याला हात लावायचा नाही, म्हणून फक्त दुसरं पाणी बदललं. निकाल: पाणी, चाळीस. मी उतरवून घेतलं. सरांनी सगळ्या चिठ्ठ्यांचं सार लिहून विजयला पत्र टाकलं.

महिन्याभरानं उत्तर आलं. विजयनं फार अदबीनं लिहिलं होतं, पण मतलब असा की बाकी सगळं बरोबर, एवढं एक चुकलं. यंत्र 'उंची, चाळीस' देतं. हातानं करताना कुठंतरी घसरलं असावं.

सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. पुढचे तीन शनिवार आम्ही तेच करत होतो. तीनही वेळा पाणी आलं. तिसऱ्या शनिवारी त्यांची संध्याकाळची गाडीही चुकली. ते रागावले नव्हते, पण भाकरी बांधून आणलेलं फडकं सारखं घडी घालून पुन्हा उलगडत होते. वीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला तीन ओळींचा हिशोब जुळत नव्हता, आणि ज्याला कंस सोडवायला त्यांनीच शिकवलं होतं तो समुद्रापलीकडून चूक दाखवत होता.

चौथ्या शनिवारी मी माझं काम करत होतो. शिक्षण खात्याचं एक परिपत्रक आलं होतं आणि त्याला वरून शुद्धिपत्रक टाचलेलं होतं: सोबतच्या परिपत्रकात अमुक शब्दाऐवजी तमुक वाचावा. मी नेहमीप्रमाणं आधी शुद्धिपत्रक घेतलं, परिपत्रकातले शब्द पेनानं बदलले आणि मग ते वाचायला घेतलं.

सर बघत होते. "तुम्ही आत काय लिहिलंय ते वाचलं नाही?"

"आता वाचतो की. वरचं लावल्याशिवाय कसं वाचू? खालचा शब्द तोच नाही राहिला."

सरांनी नवी चिठ्ठी घेतली. या वेळी बाहेरचा कंस आधी. पाणीच्या जागी उंची घातली. राहिलं, "दाखव उंची". मग ते उलगडलं: अवतरणात "उंची" लिही, मग उंची किती ते लिही. उंची, चाळीस.

ती चिठ्ठी त्यांनी जुन्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवली. मग सावकाश म्हणाले, "मी आतला कंस आधी सोडवत होतो, भाऊसाहेब. सवय. संक्षेप बाहेरून आत उलगडतात. 'बदल' आला तेव्हा अवतरण झालेलंच नव्हतं. मी मात्र ते झालंय असं धरून त्याला जपत होतो."

"म्हणजे तुमचं पाणी चूक?"

"चूक. कागदावरचा शब्द बघून तो अवतरणात जाणार की नाही हे सांगताच येत नाही. सगळं उलगडून झालं की मग कळतं, कोण नुसता शब्द राहिला आणि कोण वस्तू झाला. तोवर तो दोन्ही नसतो."

त्याच टेबलावर त्यांनी विजयला पत्र लिहिलं आणि टाकायच्या आधी मला वाचायला दिलं. 'उंची हेच बरोबर. चूक माझी. मात्र मला वाटतं तुला आकडा तेवढा बदलायचा होता, शब्द पाणीच हवा होता. यंत्रानं तू लिहिलंस ते केलं. तुला काय हवं होतं ते एकदा बघ.'

विजयचं उत्तर बऱ्याच उशिरा आलं. त्याला खरोखरच पाणी हवं होतं. यंत्र 'उंची' छापत होतं आणि यंत्र छापतंय म्हणून त्यानं ते बरोबर धरलं होतं. शोधल्यावर त्याच्या मोठ्या कामात अशा आणखी काही जागा निघाल्या. त्यानं लिहिलं होतं की तिथल्या लोकांना त्यानं सांगितलं, माझ्या शिक्षकांनी स्वतःची चूक कबूल करत करत माझी काढली. सरांनी हे पत्र कुणाला दाखवलं नाही. फक्त आठवीच्या वर्गात कंसाचा नियम सांगताना, "आतला कंस आधी सोडवायचा," याच्यापुढं ते "गणितात" असं म्हणू लागले. मुलांना त्याचा अर्थ लागला नाही.

त्याच वर्षी सुजाताचा दाखल्याचा प्रश्न आला. सुजाता ही सरांची थोरली मुलगी. आमच्याच शाळेत शिकली, पुण्यात राहून पदवीधर झाली आणि केंद्र सरकारच्या एका खात्यात अर्ज करायचा म्हणून शाळेच्या दाखल्याची प्रत न्यायला आली. तिच्या नोंदीत 'बौद्ध' एवढंच होतं. त्या काळी राज्यात बौद्धांना सवलती होत्या, केंद्रात नव्हत्या. जुनी जात लिहिलेली असली तर जागा मिळायची शक्यता होती; धर्म बदलल्याचं लिहिलं असलं तर नाही.

आदल्या दिवशी तिचे मामा कामथडीहून मला भेटून गेले होते. "भाऊसाहेब, कंसात जुनं नाव तेवढं टाका. कुणाचं काय जातंय? पोरीचं कल्याण व्हईल. दाजींना इचारू नका, ते न्हाई म्हनतील."

खरं सांगायचं तर मी टाकायला तयार होतो. त्या नोंदवहीशी माझं एक जुनं देणं होतं, पण ते नेमकं कोणत्या बाजूनं फिटतं हे मला कळत नव्हतं. शेवटी मी सरांना विचारलंच. ते वह्या तपासत होते.

"मला का विचारता?" ते वर न बघता म्हणाले. "दाखला तिचा आहे."

मी सुजाताला आत बोलावलं आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या: काय लिहिलं तर काय होईल आणि काय लिहिलं तर काय होणार नाही. सर समोरच होते, पण त्यांची लाल पेन्सिल चालूच होती.

सुजातानं थोडा विचार केला. "आज्जीनं काय सांगितलं होतं, शाळेत माझं नाव घालताना?"

"बौद्ध," मी नोंद बघून सांगितलं.

"मग तेच असू द्या, भाऊसाहेब."

मी दाखला लिहिला. ती सही घ्यायला हेडमास्तरांकडं गेली. सर वह्या उचलून वर्गावर गेले. पुढच्या तासाला मी काही कामानं त्या वर्गापाशी गेलो तर फळ्यावर एक सोपा गुणाकार चुकलेला होता. मुलं एकमेकांकडं बघत होती, सांगायचं धाडस कुणाला होत नव्हतं. सर खडू हातात धरून खिडकीबाहेर बघत होते. मी परत फिरलो.

सुजाताला ती नोकरी मिळाली नाही. मामांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. पुढं ती राज्याच्या नोकरीत लागली आणि पहिली नेमणूक वेल्ह्याला झाली. तिथल्या कार्यालयात ती बोलायला कडक पण कामाला चोख म्हणून ओळखली जायची, असं तिकडून येणारे सांगत.

सर निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात विजय सुट्टीवर आला. तो वरव्याला जाऊन सरांना भेटला आणि पुण्यातल्या एका संस्थेत संगणक बघायला चला म्हणाला. सरांनी मला निरोप पाठवला, "चिठ्ठ्या तुम्ही सांभाळल्यात, तुम्हीही या."

यंत्र एका थंड खोलीत होतं. कपाटांएवढ्या पेट्या आणि त्यांची एकसुरी घरघर. तिथल्या यंत्राला स्कीम येत नव्हती, म्हणून विजयनं त्याला कळणाऱ्या भाषेत कामापुरता एक दुभाष्या लिहून आणला होता. सरांनी आपला एक कार्यक्रम चिठ्ठीवर लिहून दिला. एका मुलीनं तो भोकं पाडून कार्डांवर उतरवला. कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकाल दुसऱ्या दिवशी मिळणार, अशी तिथली पद्धत. सरांनी एक कार्ड उजेडात धरून बघितलं आणि परत गठ्ठ्यात होतं त्याच जागी घातलं.

विजय थोडा हिरमुसला. "सर, उद्या निकाल घेतो आणि घरी आणून देतो."

"निकाल मला माहीत आहे," सर म्हणाले. "त्याला काय येतंय ते कळव."

परतीच्या एसटीत यंत्र कसं वाटलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मला वाटलं होतं, त्याला विचार करताना बघता येईल." मग यंदा ऊस चांगला दिसतोय, असं काहीतरी बोलणं झालं.

वरव्याच्या फाट्यावर ते उतरले. गाडी थोडा वेळ थांबली, कारण कुणाचं तरी पोतं टपावरून काढायचं होतं. मी खिडकीतून बघत होतो. सरांनी हमरस्ता ओलांडला. पलीकडच्या कडेला एक बाई गवताचा भारा जमिनीवर ठेवून उभी होती. उचलून द्यायला कुणी मिळालेलं नव्हतं. त्या दोघांचं काहीतरी बोलणं झालं. सरांनी हातातली पिशवी दगडावर ठेवली, वाकून दोन्ही हातांनी भारा धरला आणि तिच्या डोक्यावर चढवला. तो नीट बसेपर्यंत हात तसेच वर धरून ते उभे राहिले. मग पिशवी घेऊन तिच्या मागून गावाच्या वाटेला लागले. पुढं नुसतं गवतच दिसत होतं, आणि त्याच्या मागं पांढरा सदरा.

माझी बदली झाली. त्यानंतर आमची भेट नाही. ते गेल्याचं सुजाताच्या पत्रानं कळलं, तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते.